आमची वाटचाल : खरे हंस, खरी जोडी

आम्ही हंस पाळून विकायला लागलो तेव्हा पुण्यात हंस जगत नाहीत असं सगळ्यांनीच ऐकवलं, आणि पांढऱ्यापुरतं ते बरंचसं खरंय. पांढरा, म्हणजे म्यूट स्वान, हा युरोप-मध्य आशियाचा पक्षी, बर्फाळ तळ्यावर निवांत राहील, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की चोच उघडी टाकून धापा टाकतो. शिवाय तिकडे दिवस मोठा व्हायला लागला की तो अंड्यावर येतो, लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि पुण्याचा जेमतेम सव्वातेरा, मग त्याला सीझन कळणार कसा? म्हणून आम्ही पहिल्यापासून काळ्यावर भर दिला. तो ऑस्ट्रेलियाचा, ऊन सोसतो, पाणी आणि चारा भरपूर असला की वर्षात कधीही घरटं मांडतो.

मुळशीकडची जागा अण्णांची, भांडवल माझं. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद टाकला, एका बाजूला कमरेएवढं पाणी आणि दुसऱ्या बाजूला लांब उतार, कारण एवढा जड पक्षी उभ्या काठावरून वर येऊच शकत नाही, वर शेडनेट, आणि तळाचा गाळ काढायला मडपंप. पक्षी धरायला अण्णांनी बांबूला वाकवलेली सळई बसवून आकडा केला, मान हळूच ओढून घ्यायची आणि लगेच पंख काखेत दाबायचे. आजही तोच वापरतो. नवीन पोरं जाळी मागतात, मी देत नाही, जाळीत फडफडून पंख मोडतात.

आता त्या माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. सोलापूर रोडला एक सप्लायर उभा राहिला आणि आमच्या निम्म्या रेटला ‘हंस’ विकायला लागला. काय विकत होता? पांढरी गूज, बदकाच्या कुळातला पाळीव पक्षी! अहो, म्यूट स्वानच्या नारिंगी चोचीच्या मुळाशी काळी गाठ असते, गूजची चोच साधी नारिंगी, एवढं रिसॉर्टवाल्यांना कोण सांगणार. खरे पांढरे त्याच्याकडे आले तेव्हा ते त्याने मे महिन्यात नागपूरला पाठवले, मेले सगळे, आणि नाव मात्र सगळ्या लाइनचं खराब झालं. आम्ही ज्या ऑर्डरी तिथल्या उन्हामुळे नाकारल्या होत्या त्याच त्याने घेतल्या होत्या, याचा राग अजून जात नाही.

मग जानेवारी २०२१, परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला. काळा हंस या रोगापुढे फारच नाजूक, त्यामुळे आम्ही फार्म बंद केला, तळ्यावर जाळं ओढलं, बुटांना चुन्याचं पाणी, बाहेरचा माणूस आत नाही. एकही पक्षी आजारी पडला नाही. तरी त्या सप्लायरने व्हॉट्सॲपवर सोडून दिलं की मुळशीचे हंस मरतायत. ऑर्डरी रद्द, ॲडव्हान्स परत, फीडवाल्याने उधारी बंद केली. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आणि पाचगणीचे आमचे काका, ज्यांच्या बंगल्यावर आमची एकमेव पांढरी जोडी आहे (तिथली हवा तिला मानवते), त्यांनी काळ्यांच्या ऑर्डरचे पूर्ण पैसे आधीच पाठवले, म्हणाले पक्षी कधीही दे. त्या पैशावर फार्म तगला. पुढची वर्षं नीट गेली.

नवीन लोकांना दोन गोष्टी सांगतो. नुसती जोडी बघून घेऊ नका, काळ्यांत दोन नरांचीही पक्की जोडी जमते, गोंजारतात, घरटंसुद्धा बांधतात, आणि तुम्ही वर्षभर अंड्यांची वाट बघता. पिसाची डीएनए टेस्ट मागा. पिल्लांना ब्रॉयलर फीडवर फुगवू नका, पंखाचा सांधा बाहेर वळतो आणि मोठेपणी तो सरळ होत नाही, पाण्यात भिजवलेला गहू, डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), पालेभाजी द्या. कोकणात असाल तर पावसाळ्यात घरट्याचा पेंढा सारखा बदला, बुरशी थेट फुप्फुसात जाते. अंडी उबवणीच्या मशीनला लावलीत तर साडेसदतीस डिग्री ठेवा, रोज थोडा वेळ गार होऊ द्या, कोमट पाणी शिंपडा. पस्तीस-चाळीस दिवस लागतात, मधेच फोडून बघू नका.

घ्यायचे असतील तर आधी तळ्याचा व्हिडिओ पाठवा, काठाचा उतार आणि मे महिन्यात दुपारी सावली कुठे पडते ते दाखवा. नागपूर-अकोल्याला पांढरा मिळणार नाही, दुप्पट पैसे दिले तरी.