खळ्यातली आग आणि मुशीतली आग

‘तो पवित्र आत्म्याने व अग्नीने तुमचा बाप्तिस्मा करील’ हे वाक्य प्रार्थनासभांत इतक्या वेळा कानावर पडतं की त्यातल्या अग्नीचा अर्थ ‘जोश’ असा कधी झाला ते कळलंच नाही. आवाज चढला, हात वर गेले, डोळे भरून आले की ‘अग्नी उतरला’. मूळ उताऱ्यात जोशाचा मागमूस नाही. तिथे खळं आहे, भूस आहे, झाडाच्या मुळाशी ठेवलेली कुऱ्हाड आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, येणाऱ्या ख्रिस्ताविषयीचं हे वचन चारही शुभवर्तमानांत येतं, पण अग्नी फक्त मत्तय (3:11) आणि लूक (3:16) यांच्यात आहे. मार्क आणि योहान ‘पवित्र आत्म्याने’ एवढ्यावर थांबतात. मत्तयातल्या 10, 11 आणि 12 या तीन ओव्या सलग वाचा. दहावीत फळ न देणारं झाड अग्नीत जातं, बारावीत भूस न विझणाऱ्या अग्नीत जातं, आणि मधल्या अकरावीत अग्नीचा बाप्तिस्मा. दोन्ही बाजूंना न्यायाची आग धगधगत असताना मधली तेवढी ऊबदार कशी असेल?

एक भाषेची गोष्ट. मराठीत ‘आत्म्याने व अग्नीने’ असं लिहिताना ‘ने’ दोनदा लागतो, म्हणून दोन वेगळी साधनं, दोन वेगळे बाप्तिस्मे असल्यासारखं वाटतं. ग्रीकमध्ये ‘एन’ हे एकच शब्दयोगी दोन्ही नामांना मिळून आहे: एन प्नेउमाती हागिओ काय पुरी. बाप्तिस्मा एकच, ज्यात बुडवायचं ते आत्मा आणि अग्नी मिळून.

आता खळं. मराठी बायबलात ‘त्याच्या हातात त्याचे सूप आहे’ असं आहे. ग्रीक शब्द ‘प्तुऑन’, म्हणजे धान्य वाऱ्यावर उडवायचं लाकडी दाताळं किंवा फावडं. सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारात बसून पाखडणारी बाई येते. इथलं काम मात्र उफणणीचं आहे. मळलेला माल वर उडवायचा. गहू जड म्हणून जागच्या जागी पडतो, भूस हलकं म्हणून वाऱ्याबरोबर बाजूला जातं. वारा पडला की काम थांबतं, वारा फार झाला की दाणेही भुसात जातात. ‘प्नेउमा’ या शब्दाचा अर्थ आत्मा, श्वास आणि वारासुद्धा. म्हणजे योहानाच्या चित्रात वारा आणि आग दोन्ही आहेत, आणि त्यांची कामं वेगळी. निवडतो वारा. आग निवडत नाही. निवडून झाल्यावर बाजूला पडलेल्या भुसाचा निकाल लावते. गव्हाला आग लागतच नाही, तो कोठारात जातो. म्हणून ‘खळ्यातल्या अग्नीने विश्वासणारा शुद्ध होतो’ हे प्रवचनातलं लाडकं वाक्य या उताऱ्यावर उभं राहत नाही. खळ्यातला अग्नी शुद्ध करत नाही, संपवतो.

शुद्ध करणारा अग्नी दुसऱ्या चित्रात आहे, मुशीच्या. मलाखी 3:2-3 मध्ये येणारा प्रभू धातू गाळणाऱ्याच्या अग्नीसारखा आणि परटाच्या खारासारखा आहे. तो रुपे शुद्ध करणाऱ्यासारखा बसून लेवीच्या वंशजांना, म्हणजे याजककुळाला, शुद्ध करतो. मुशीत पहिले जातात ते याजक! आणि ‘बसून’ हा शब्द शोभेसाठी नाही. त्या काळी रुपं मिळायचं ते बहुतेक शिशाच्या खनिजातून. शिसं आणि रुपं यांचा वितळलेला गोळा हाडांच्या राखेच्या उथळ वाटीत घालून भात्याने वारा द्यायचा. शिसं हवेतला प्राणवायू घेऊन मुरदाडशिंग बनतं, तांब्यासारखे हिणकस धातू आपल्यात ओढून घेतं आणि वाटीत मुरतं. मागे राहतं ते रुपं.

बिघडतं कुठे? शिसं 327 अंशांनाच वितळतं, पण मुरदाडशिंगाला पातळ राहायला 888 अंश सेल्सिअस लागतात. आच त्याखाली गेली तर वर घट्ट साय धरते, हवा आत पोचत नाही, काम अडतं. शेवटी रुपं पातळ राहायचं तर 962 च्या वर जावं लागतं. आच फार चढली तर रुपंही वाया जातं. अखेरच्या क्षणी पृष्ठभागावर रंगांची झिरझिरीत साय फिरते आणि एकदम लख्ख होते, तिथे थांबायचं. हा क्षण पाहायला माणूस समोर बसलेलाच हवा, भट्टी पेटवून बाजारात जाऊन चालत नाही. (सोनाराला रुप्यात स्वतःचा चेहरा दिसला की ते शुद्ध झालं, ही गोष्ट छान आहे, पण मलाखीत ती नाही.)

मूस फसतेही, आणि ते यिर्मयाने लिहून ठेवलंय. 6:29-30 मध्ये भाता जोरात फुंकतोय, शिसं जळून गेलंय, तरी हिणकस वेगळं झालं नाही. म्हणून लोकांना ‘टाकाऊ रुपे’ म्हणतात. भेसळ जास्त आणि शिसं कमी असलं की असंच होतं: शिसं संपतं, तांबं तसंच राहतं. म्हणजे आगीतून गेला तो शुद्ध झालाच, असा हिशेब बायबलही मांडत नाही. दुःख भोगलेल्या माणसाला ‘देव तुला शुद्ध करतोय’ असं चटकन सांगणाऱ्यांनी या दोन ओव्या आधी वाचाव्यात.

तर दोन अग्नी. खळ्यातला निवडून बाजूला पडलेल्या माणसांचा निकाल लावतो, मुशीतला एकाच माणसाच्या आतलं हिणकस वेगळं करतो. ‘आत्म्याने व अग्नीने’ हे वचन यातल्या कुठल्या अग्नीचं, यावर ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकांपासून वाद घालतेय. तिसऱ्या शतकातला आचार्य ओरिजेन याने लूकवरच्या प्रवचनात चित्र रंगवलं की ख्रिस्त अग्नीच्या नदीत उभा आहे आणि पाण्याचा व आत्म्याचा बाप्तिस्मा घेतलेल्यांना तिथे बुडवून पलीकडे नेतो. चौथ्या शतकातल्या बिशप बासिलने हा अग्नी न्यायाच्या दिवसाच्या पारखीशी जोडला आणि 1 करिंथ 3:13 पुढे केलं. तिथे पौल सोनं, रुपं, मोलवान पाषाण, लाकूड, गवत, पेंढा अशी बांधकामाची यादी देतो. काम जळतं, पण माणूस ‘जणू काय अग्नीतून’ वाचतो. कॅथलिकांनी शुद्धिस्थानाच्या (मेल्यावर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेच्या) शिकवणीला याच उताऱ्याचा आधार घेतला. पण कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेच्या 1563 च्या ठरावात शुद्धिस्थान आहे, तिथल्या आत्म्यांना प्रार्थनेने मदत होते हे आहे, आगीचा उल्लेख नाही.

एक लॅटिन घोटाळा इथेच निस्तरू. कॅथलिक परंपरेत पाण्याच्या बाप्तिस्म्याशिवाय ‘बाप्तिस्मुस फ्लामिनिस’ असतो. ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला, म्हणून लोक तो अग्नीचा बाप्तिस्मा समजतात. पण हा शब्द ‘फ्लामेन’, म्हणजे फुंकर, यावरून आलाय. पाणी मिळण्याआधीच पश्चात्तापाने आणि इच्छेने देवाकडे वळलेल्याला आत्म्याने मिळणारा तो बाप्तिस्मा.

प्रेषितांची कृत्ये 2:3 मध्ये, पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) आत्मा उतरताना शिष्यांना दिसलेल्या जिभा ‘अग्नीच्यासारख्या’ आहेत. तो ‘सारख्या’ वगळू नये. आणि कृत्ये 1:5 मध्ये येशू योहानाचंच वचन पुन्हा सांगतो तेव्हा अग्नी गाळतो: ‘थोड्याच दिवसांनी पवित्र आत्म्याने’. ज्या लूकने पहिल्या पुस्तकात, शुभवर्तमानात, अग्नी लिहिला त्यानेच दुसऱ्यात, कृत्यांत, तो सोडला, हा हलगर्जीपणा नव्हे. माझ्या मते पन्नासाव्या दिवशी वारा आला; खळ्यातली आग अजून बाकी आहे.

अमेरिकेत 1890 च्या दशकात बेंजामिन आयर्विन या प्रवचनकाराने अग्नीचा बाप्तिस्मा हा तारण आणि पवित्रीकरणानंतरचा तिसरा, वेगळा अनुभव ठरवला. मग त्यावर डायनामाइटचा, लिडाइट या स्फोटकाचा बाप्तिस्मा असे मजलेही चढवले. एकच ‘एन’ दुर्लक्षित राहिला की इमारत कुठवर जाते ते यात दिसतं. आपल्याकडचं उदाहरण जास्त शहाणं आहे. जून 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एका मुलीला आगीने वेढलेलं पाहून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, आणि ओतणार तोच कळलं की आग लागलेलीच नाही. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये नेमकं याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्याची प्रत चिलीतल्या वालपरायसोला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला चालना मिळाली. मुक्तीत अन्य (न शिकलेल्या) भाषांत बोलणं झालं, पण ती आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण असं रमाबाईंनी मानलं नाही.

या सगळ्यात लूक 12:49-50 सहसा कुणी काढत नाही. ‘मी पृथ्वीवर आग लावायला आलो आहे’ असं येशू म्हणतो, आणि लगेच पुढच्या ओवीत: मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे, आणि तो होईपर्यंत मी किती पेचात आहे. आग आणि बाप्तिस्मा पुन्हा शेजारी, फक्त या वेळी बुडणारा तो स्वतः.