आठवडा ११ : ओढणी आणि पश्चिमोत्तानासन

मंडळी, तीन आठवडे नोंद टाकली नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. या आठवड्यात घडलं.

आमचा योगवर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. हजेरी सात ते नऊ, बहुतेक साठीच्या पुढचे. आजवर मी मला योग शिकवणाऱ्या बाईंच्या आवाजात शिकवत होते. त्यांचा ठसका, त्यांचं "गुडघ्याच्या वाट्या वर खेचा!", सगळं जसंच्या तसं. बाईंना ते शोभतं. माझ्या तोंडी ते खेकसल्यासारखं वाटायचं. शिवाय मध्येच 'इनहेल, एक्सहेल' घुसायचं ते वेगळंच.

आणखी एक लबाडी होती. पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन, मी कधी करून दाखवायचेच नाही. मांड्यांच्या मागच्या शिरा इतक्या आखडलेल्या की हात जेमतेम घोट्यापर्यंत पोचतात. मग काय, सतरंज्यांमधून फिरत नुसत्या सूचना.

मंगळवारी एक काकू म्हणाल्या, "एकदा तू दाखव की गं."

बसले. पायांना अडकवायचा पट्टा घरी राहिलेला. ओढणीच पायांच्या तळव्यांना अडकवली, दोन्ही टोकं धरली, आधी पाठ लांब केली आणि खुब्यातून जेवढी वाकले तेवढ्यावर थांबले. कपाळ आणि गुडघे यांत चांगलं दीड वीत अंतर.

"अगंबाई, तुलाही येत नाही होय!"

आणि भराभर ओढण्या, टॉवेल बाहेर निघाले. एरवी कुबड काढून अंगठे पकडायला धडपडणारे एक काका पहिल्यांदाच पाठ सरळ ठेवून वाकले. रोज पतंजलींच्या योगसूत्रांतलं 'स्थिरसुखमासनम्' (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) म्हणून घेते मी, पण त्याच्या पुढच्याच सूत्रातलं 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे धडपड सैल सोडणं, माझ्या वर्गात त्या दिवशी दिसलं.

घरी येताना योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी आठवले. १९३७मध्ये पुण्यात शिकवायला आले तेव्हा वय १८, करार सहा महिन्यांचा, आणि गाव, भाषा परकी. मी तर माझ्याच सोसायटीत, माझ्याच भाषेत शिकवतेय!

बुधवारपासून बोलणं बदललंय. अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) "जड कपाट ढकलताय असं समजून जमीन ढकला" म्हटलं, तर सगळ्यांचे खांदे कानांपासून आपोआप लांब गेले. बाईंना सांगितलं तर हसतील बहुतेक.

डावं-उजवं मात्र अजून चुकतंय. समोर तोंड करून उभं राहिलं की 'उजवा पाय' म्हणत आपला डावा टाकायचा असतो. शुक्रवारी वीरभद्रासनात (पाय लांब फाकवून, एक गुडघा वाकवून उभं राहायचं आसन) अर्धा वर्ग खिडकीकडे, अर्धा दाराकडे. सोमवारी परत तेच घेतेय.