ठोके बरोबर, कृमी उपाशी

इन्क्युबेटर २० अंशांवर, चौथा दिवस. एन२, म्हणजे आमचा साधा सी. एलेगन्स (जिवाणू खाणारा बारीक कृमी), किंचित मागे होता, पण अंडी घालायला लागला होता. शेजारच्या ईट-२ म्युटंटच्या (याची ग्रसनी, म्हणजे घसा, मुळातच सावकाश चालते) प्लेटवर मात्र नुसत्या फिकट, काटकुळ्या अळ्या. ईट-२ एरवीही मागे पडतो, पण इतका नाही.

नेहमीप्रमाणे संशय कृमींच्या स्ट्रेनवर, म्हणजे वाणावर गेला, म्हणून पंपिंग, म्हणजे ग्रसनीचे ठोके, मोजलं. ग्रसनीच्या मागच्या फुग्यात जिवाणू भरडणारं एक जातं असतं, मोजायची ती त्याची हालचाल. प्लेट ठेवल्यावर थोडं थांबावं लागतं, कारण धक्का लागला की कृमी गिळणं थांबवतो. सेकंदाला चार ठोके नुसत्या डोळ्यांनी मोजतो म्हणणाऱ्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. व्हिडिओ काढून सावकाश चालवावा. एन२ मिनिटाला २४०च्या आसपास, ईट-२ साठच्या घरात. दोन्ही नेहमीचेच. मग उपासमार कसली?

ठोका म्हणजे घास नव्हे. मिटलेली ग्रसनी आतून तीन फाट्यांची चीर असते. आतून बाहेर जाणारे स्नायू आखडले की ती त्रिकोणी उघडते आणि पाण्याबरोबर जिवाणू आत ओढले जातात. स्नायू सैल पडले की पाणी तोंडावाटे बाहेर जातं, जिवाणू आत अडकतात. मधूनमधून ग्रसनीच्या अरुंद मानेतून एक लाट जाते, ती त्यांना जात्याकडे ढकलते. जिवाणू सुटे असतील तरच हे सगळं सुरळीत चालतं.

लॉनचा, म्हणजे प्लेटवरच्या जिवाणूंच्या थराचा, थेंब स्लाइडवर घेतला, तर सगळ्या गुठळ्या. तोच कल्चर स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर ओढला. सकाळपर्यंत मजेत वाढला. ओपी५०, म्हणजे कृमींना घालायचा आमचा नेहमीचा जिवाणू, तिथे वाढत नाही. फ्रीझरच्या डब्यात ओपी५०च्या शेजारची नळी डीए८३७ची होती: ओपी५०चाच स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा भाऊबंद, चिकट आणि खायला अवघड. साध्या मार्करनं लिहिलेलं लेबल अल्कोहोलनं पुसलं गेलेलं. जिवाणू म्हणजे चारा, त्याची काय नोंद ठेवायची, ही वृत्ती आमच्याकडे जुनीच आहे.

एन२ मिनिटाला २४० वेळा तोंड मारून गुठळ्यांतूनही पोट भरतो. ईट-२ला तेवढे प्रयत्नच मिळत नाहीत. एचबी१०१ या खायला सोप्या, मऊ जिवाणूंच्या चाऱ्यावर हलवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची आतडी गडद, म्हणजे भरलेली, दिसू लागली.

ही नळी कधीपासून वापरात आहे, ते आता शोधतोय. मागच्या दोन महिन्यांच्या वहीत ‘एन२ किंचित मागे’ असं तीन ठिकाणी लिहिलेलं सापडलं.