पेल्यात किती मिलिग्रॅम?

शिमग्यात पालखी सहाणेवर विसावली की कुणाच्या तरी पडवीत ठंडाईचं पातेलं निघतं. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेला भांगेचा गोळा त्यात कालवलेला असतो. पहिला पेला होतो, वीस मिनिटं जातात, काहीच होत नाही. ‘नुसतं दूधच आहे रे’ म्हणत दुसरा पेला भरला जातो. घोळ होतो तो इथे.

भांग आणि गांजा एकाच झाडाचे. गांजा ओढला की त्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतं, अर्ध्या तासात कळस गाठतं आणि दोन-चार तासांत उतरू लागतं. तेच पोटातून गेलं की आधी यकृताच्या हाती लागतं. यकृत त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, आणि तेही मेंदूवर चांगलंच चढतं. म्हणून खाल्लेली किंवा प्यायलेली भांग जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, कळस दोन ते चार तासांनी येतो आणि उतरायला आठ तास, कधी बारासुद्धा. त्याआधी तुपात बुडवून पुरणपोळी झाली असेल तर कळस आणखी लांबतो आणि अंगात भिनणारं टीएचसीही वाढतं, कारण ते पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतं. दुसरा पेला तोंडाला लावताना पहिल्याचा हिशेब सुरूही झालेला नसतो.

आता मात्रा. अमेरिकेत २०२१ पासून संशोधनासाठी टीएचसीचं एक एकक म्हणजे ५ मिलिग्रॅम असं धरतात. सवय नसलेल्या माणसाला २.५ मिलिग्रॅमही जाणवू शकतात. पाल्यात फक्त १ टक्का टीएचसी धरा. एक ग्रॅम सुका पाला म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि एका पेल्यात तीन ग्रॅम गेला तर ३० मिलिग्रॅम, सहा एककं. पण तो पाला एक टक्क्याचा होता की तीन, त्यात फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजे गांजा, मिसळले होते का, हे वाटणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर पातेल्याची खोड वेगळी: वाटलेला पाला तळाशी बसतो. ढवळलं नाही तर पहिले पेले फिके आणि शेवटचे जहाल. शेवटचा पेला सहसा पातेलं घासायला नेणाऱ्या पोराच्या वाट्याला येतो, हे आणखी वाईट.

एवढं सांगूनही कुणी पिणारच असेल तर निदान पहिल्यानंतर तीन तास दुसरा नको, सोबत दारू नको आणि त्या दिवशी गाडी नको. नशा पूर्ण उतरेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. दुचाकीवर पाच किलोमीटरचा घाट असला तरी तो घाटच. आणि रंग धुवायला समुद्रात तर मुळीच जाऊ नये. भांगेत वेळेचा आणि अंतराचा अंदाज सुटतो, उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, आणि कंबरभर पाण्यात भोवळ आली तर काठावरचे लोक समजतात की हा मस्ती करतोय.

नाडी मिनिटाला वीस ते पन्नास ठोके वाढू शकते. तरण्या माणसाला ही नुसती धडधड वाटते. पण अँजिओप्लास्टी झालेल्या काकांना फाल्गुनाच्या घामट दुपारी पालखी खांद्यावर घेऊन नाचायचं असेल तर हृदयावर तीन ओझी एकदम येतात. छातीत दुखलं तर ‘भांगेचा वारा’ म्हणून बसून राहू नका. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर भांगही नको आणि गांजाही नको. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा आजार आहे त्यांनीही लांबच राहावं. पोरांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालेला रोजचा गांजा मनोविकाराचा धोका वाढवतो. माल जितका जहाल आणि सुरुवात जितकी लवकर, तितका धोका जास्त.

भांग लागलेल्या माणसाचं काय करायचं? बहुतेक वेळा फार काही नाही. ढोलापासून लांब, वारा असलेल्या खोलीत बसवा. एक ओळखीचं माणूस सोबत ठेवा आणि ‘हे भांगेमुळे आहे, काही तासांत उतरेल’ एवढंच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. घाबरलेल्याला वाटत असतं की आपण मरतोय किंवा वेळ थांबलीय. शुद्धीत असेल तर पाण्याचे छोटे घोट द्या. ग्लानीत असेल तर कुशीवर झोपवा, पाठीवर नको, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबू, लोणचं, ताक, कॉफी यांतलं काहीही टीएचसीला उतारा नाही, आणि तूप तर उलटच काम करेल. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात यातलं काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. बोटं घालून ओकायला लावणंही नको.

एक गोष्ट मात्र नीट बघायची: डोळे. भांग जोरात लागावी म्हणून कुणी धोतऱ्याचं बी वाटून घालतं, आणि धोतरा कोकणात प्रत्येक गडग्याच्या कडेला उभा आहे. भांगेत डोळे लाल होतात, माणूस हसतो, भूक लागते, बोलणं तुटक असलं तरी तो आपल्याला ओळखतो. धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेडातही लहान होत नाहीत. कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा टिपूस नाही, लघवी अडते, माणूस हवेतल्या वस्तू पकडायला बघतो, कुणालाच ओळखत नाही. नाडी दोन्हीत पळते, तोंड दोन्हीत कोरडं पडतं, त्यामुळे त्यावरून ठरवू नका. धोतऱ्याची शंका आली की थेट १०८. नशेच्या पदार्थांसाठीच्या नेहमीच्या लघवी तपासणीत धोतरा दिसत नाही, म्हणून ‘त्यात बी घातलं होतं’ हे डॉक्टरांना कुणीतरी तोंडाने सांगावंच लागतं.

लहान मुलाने पेढा, गोळी किंवा ठंडाई खाल्ली-प्यायली असेल तर किती घेतली याचा हिशेब करत बसू नका. मूल पेंगतं, पाय लटपटतात आणि श्वास मंदावू शकतो. मूल आणि उरलेला पदार्थ, दोन्ही घेऊन दवाखाना गाठा.

ओढण्याबद्दल थोडक्यात. गांजाच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतं, आणि चिलमीत तंबाखू मिसळली की निकोटिनची सवय फुकट. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुडीत बांधलेल्या मालाला बुरशी धरते. दम्याच्या, टीबीने फुप्फुस खराब झालेल्या किंवा किमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या छातीत ती बुरशी घर करू शकते.

वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्याला होणारा एक आजार गावात अजून कुणाला ओळखता येत नाही. सकाळी उठल्या उठल्या मळमळ, मग एक-दोन दिवस थांबायचं नाव न घेणाऱ्या उलट्या, पोटात पिळवटून दुखणं, मग काही आठवडे ठणठणीत, आणि पुन्हा तेच. होडीवर जाणाऱ्याला ‘बोट लागली’ म्हणतात, घरी असलेल्याला ‘पित्त’. दुर्बिणीत काही सापडत नाही. खूण आहे ती न्हाणीघरात: हा माणूस दिवसातून पाच-पाच वेळा बंब पेटवायला सांगतो, कारण कढत पाणी अंगावर असेपर्यंतच त्याला बरं वाटतं. कातडी भाजली तरी तो उठत नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन पहिल्यांदा मांडलं. ओंडान्सेट्रॉनसारख्या उलटीवरच्या नेहमीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. दवाखान्यात सलाइन लागतं, पोटॅशियम आणि किडनी बघावी लागते. पोटावर कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखटाचं, मलम चोळल्याने काहींना आराम पडतो. पण ‘गांजा भूक वाढवतो, मळमळ थांबवतो’ म्हणून रुग्ण उलट जास्त ओढतो आणि दुखणं वाढवतो. गांजा पूर्ण सोडणं हाच उपाय, आणि सोडल्यावरही पोट ताळ्यावर यायला बरेचदा काही महिने जातात.

सोडताना पहिल्या एक-दोन दिवसांतच चिडचिड सुरू होते, झोप उडते, स्वप्नं भडक पडतात, जेवण जात नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग दोन-तीन आठवड्यांत निवळतं. मदतीला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक आहे. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यातून सूट देणारं ६४-अ हे कलम आहे, ते वकिलाला विचारून घ्यावं. याच कायद्याच्या व्याख्येत शेंडे आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत. पण म्हणून भांग मोकळी झाली असं नाही, महाराष्ट्रात तिला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो.

मग औषध म्हणून काहीच नाही का? आहे, आणि तिथे मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते. ड्रोनाबिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, १९८५ पासून अमेरिकेत किमोथेरपीच्या उलट्यांसाठी मंजूर आहे. सीबीडी हे याच झाडातलं दुसरं द्रव्य. शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स २०१८ मध्ये तिथे ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या मुलांमधल्या हट्टी आकडीच्या आजारांसाठी मंजूर झालं. सीबीडीने नशा येत नाही. सुरुवात वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आठवड्यानंतर दुप्पट. म्हणजे २० किलोच्या मुलाला आधी दिवसाला १००, मग २०० मिलिग्रॅम. आकडीच्या इतर औषधांपैकी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात, क्लोबाझम असेल तर मूल सारखं पेंगतं. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या मोठ्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

आता हाच हिशेब ऑनलाइन मिळणाऱ्या सीबीडी तेलाच्या ३० मिलिलिटरच्या बाटलीला लावा. लेबलवर एकूण १,००० मिलिग्रॅम लिहिलंय असं धरलं तर दिवसाला २०० मिलिग्रॅमने त्या मुलाला ती पाच दिवस पुरेल. ‘रोज चार थेंब’ हा सल्ला देणाऱ्याने हे गणित केलेलं नसतं. शिवाय त्यात टीएचसी किती, हे लिहिलेलं नसेल तर मुलाला देऊच नका, आणि त्या तेलाच्या भरवशावर आकडीच्या चालू गोळ्या बंद करू नका. एकाएकी बंद केल्या तर आकडी थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते.

आयुर्वेदात भांग विजया नावाने आहे. पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत धुवून, सुकवून, तुपात परतून तिचं शोधन करतात. जातिफलादि चूर्णात ती असते, म्हणून जुलाबासाठी ते घेणाऱ्या आजोबांनाही गाडीचा नियम लागू. औषध कायद्यात ती अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायच्या द्रव्यांत आहे. लेबलवर ती सूचना, परवाना क्रमांक, बॅच आणि दर मिलिलिटरला मिलिग्रॅम यांतलं एक जरी नसेल तरी बाटली परत करा. आणि लेबलवर फक्त ‘हेम्प सीड ऑइल’ असेल तर ते या झाडाच्या बियांचं तेल आहे. २०२१ पासून ते आपल्याकडे खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं. त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. चटणीवर घालायला चांगलं.