तळ्यातला नावाडी

मातीपरीक्षण करणाऱ्याला पुण्यासारखं सोपं शहर नाही. वर भराव, खाली हातभर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बहुतेक प्लॉटवर चार-पाच मीटरात काम आटोपतं. सारसबागेजवळच्या त्या जुन्या सोसायटीत मी हाच हिशोब धरून गेलो होतो. सोसायटी पुनर्विकासाला निघालेली, तीन बोअर घ्यायचे होते. चेअरमननी आल्या आल्या बजावलं, "शेजारच्या बिल्डिंगला तीन मीटरवर खडक लागलाय. उगाच वेळ काढू नका."

तीन मीटर झाले, खडक नाही. साडेतीन मीटरवर एसपीटी लावली, म्हणजे जमीन किती घट्ट आहे ते मोजायची चाचणी. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा आणि 15 सेंटिमीटर रुतायला किती ठोके लागतात ते मोजायचं, असं तीनदा. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे एन व्हॅल्यू. घट्ट मुरमात ती सहज 50 च्या पुढे जाते. इथे तीन ठोक्यांत सगळा दांडा खाली. मला वाटलं, रॉडच निसटला.

वर काढून नळी उघडली. आत काळाकुळकुळीत गाळ, लोण्यासारखा मऊ, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढे पांढरे शिंपले. वास पडक्या विहिरीत वाकल्यावर येतो तसा. अर्ध्या तासात बोअरमध्ये पाणी चढलं, दीड मीटरवर येऊन थांबलं.

तळमजल्याच्या खिडकीतून एक आजी सकाळपासून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही तळ्यात उभे आहात."

मी पुण्यातच वाढलो, पण तळ्यातला गणपती म्हणताना तळं कुठे गेलं, हे कधी मनात आलं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याच्या पाण्यावर तळं करवलं. मधे बेट ठेवलं, त्या बेटावर बाग, तीच सारसबाग. सवाई माधवरावांनी 1784 मध्ये तिथे गणपती बसवला. आता थंडीत ज्याला स्वेटर-टोपी घालतात, तोच. पुढे तळं बुजलं आणि त्या जागेवर बाग आणि पेशवे पार्क झालं. (पार्कातले प्राणी नंतर कात्रजला नेले. तिथेही शेजारी पेशव्यांचंच तळं. प्राण्यांच्या नशिबी पेशवाई चुकली नाही.)

आजींकडे गोष्टी बऱ्याच होत्या. तळ्याचं काम रेंगाळलेलं बघून नानासाहेब हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलायला लागले, मग सगळेच कामाला भिडले, ही एक. मला ती पटते, निदान अर्ध्या तासापुरती. साइटवर मालक आला की आमच्याकडेही तसंच होतं.

दुसरी गोष्ट होडीची. पेशवे खलबतं करायला होडीत बसून तळ्याच्या मध्यावर जायचे, आणि वल्ही मारायला हबशी ठेवले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणजे बातमी फुटायची भीती नाही.

आजींनी पोहे दिले. खाऊन परत आलो तर रिगपाशी चेअरमन आणि बिल्डरचा इंजिनिअर उभे. दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं. आमचा ऑपरेटर झारखंडचा, दोन हातांवर रॉडला पाना लावत होता. त्याच्यासमोर बोलायला त्यांना काहीच अडचण वाटत नव्हती. मी दिसलो तसे ते पार्किंगकडे सरकले.

ऑपरेटर माझ्याजवळ आला. बारा वर्षं पुण्यात, कोथरूडला खोली, मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत. "साहेब, बाकीचे दोन बोअर शेजारच्या भिंतीकडे घ्यायला सांगतील. पायाला खोल खांब, म्हणजे पाइल, घालावे लागले तर बिल्डर सभासदांना देतो तो कॉर्पसचा पैसा कमी होणार, म्हणून हा आकडा मीटिंगच्या आधी बाहेर जायला नकोय त्यांना."

दहा मिनिटांत चेअरमन आले. "ते दोन पॉइंट जरा भिंतीकडे घ्या ना, इथे गाड्यांची अडचण होते." मी म्हटलं, पॉइंट स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर आहेत, हलवायचे तर त्यांचं पत्र आणा. पत्र काही आलं नाही. दोन्ही बोअर ठरल्या जागी घेतले, दोन्हींत गाळ लागला. खडक कुठे सात मीटरवर, कुठे नऊवर.

काम करताना डोक्यात सारखे ते हबशी येत होते. रोज वल्ही मारायची, रोज तीच माणसं समोर, तेच बोलणं. मराठी शिकायला किती दिवस लागले असतील? दोन महिने? कळत नाही असं त्यांना फक्त दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामान भरत होतो. नमुने सीलबंद, कोअर बॉक्सचे फोटो काढून झालेले. आजी घमेलं घेऊन खाली आल्या. तुळशीला तळ्यातली माती हवी होती. सांडलेला गाळ ऑपरेटरने फावड्याने भरून दिला. चेअरमन गेटपाशी उभे होते.

"आजी, नुसती नका घालू," तो म्हणाला. "चिकट आहे, पाणी धरून ठेवेल. निम्मं शेणखत मिसळा."

आजी म्हणाल्या, "बरं बाबा." चेअरमन त्याच्याकडे बघतच राहिले.