जाड कादंबऱ्या पुन्हा हातात आल्या

अंगठ्याचा सांधा झिजायला लागला आणि माझ्या वाचनातून सगळ्यात आधी जाड पुस्तकं गेली. सात-आठशे पानांची कादंबरी उताणं पडून वाचायची माझी लहानपणापासूनची सवय. आता थोडं वाचलं की मनगटापर्यंत कळ यायची. टेबलावर ठेवून वाचावं तर मान अवघडायची, आणि जाड पुस्तक उघडं राहायला ते हाताने दाबून धरावं लागतंच. त्यात मोतीबिंदूची सुरुवात झालेली. आपण आता फक्त पातळ पुस्तकं आणि दिवाळी अंकच वाचतो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

“मावशी, ई-रीडर घे,” असं भाचा कधीपासून म्हणत होता. ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठी केलेलं हातात मावणारं यंत्र. कागदाचा वास, पान उलटल्याचा आवाज हे माझ्या नकाराचं कारण नव्हतं. मला दोन शंका होत्या. मोबाइलसारखा हाही पडदा डोळ्यांत उजेड मारणार, ही एक. आणि मराठी पुस्तकं त्यावर मिळणार नाहीत, ही दुसरी. पहिली साफ चुकीची निघाली, दुसरी अजूनही थोडी खरी आहे.

ई-रीडरच्या पडद्यामागे अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, दोघांवर परस्परविरुद्ध विद्युतभार. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात, आणि वीज थांबली तरी जागचे हलत नाहीत. म्हणून अक्षर छापल्यासारखं स्थिर दिसतं. रीडरमधला दिवा न लावता वाचलं तर बॅटरी जवळपास फक्त पान उलटताना खर्च होते. दिवा लावला तरी त्याचा प्रकाश कडेने पडद्यावर पसरतो, मागून डोळ्यांवर येत नाही. भरदुपारी पडवीत बसलं तर दिव्याचीही गरज पडत नाही. ऊन जितकं लख्ख तितकं अक्षर स्पष्ट. मी सहा इंची किंडल, म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, घेतला. त्याचं वजन १५८ ग्रॅम आहे. एका हातात धरता येतो, अंगठ्यावर ताण येत नाही, आणि अक्षर मला हवं तेवढं मोठं करता येतं. पहिल्याच आठवड्यात मी एक जाडजूड कादंबरी पुन्हा वाचायला घेतली आणि ती पुरी केली. तो आनंद मी विसरणार नाही.

आता मराठीचं. किंडलच्या भारतातल्या ऑनलाइन दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली. तेव्हापासून बरीच भर पडली असली तरी हवं ते पुस्तक मिळेलच याची खात्री नसते. याचं एक कारण मला नंतर कळलं. आपल्याकडची कितीतरी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालींत अक्षरजुळणी झालेली आहेत. ई-बुकसाठी तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, न्यावा लागतो आणि त्यात अक्षरं बिघडतात. रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षर फुटतं, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र हरवतो आणि ‘दुसर्या’ होतं. पुन्हा नीट मुद्रितशोधन केलं तरच पुस्तक वाचण्याजोगं होतं. मी विकत घेतलेल्या एका कथासंग्रहात जवळजवळ प्रत्येक पानावर असे दोष होते. तेव्हापासून मी आधी नमुन्याची पानं उतरवून घेते आणि त्यात ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘सगळ्यांच्या’ असे शब्द शोधते. ते नीट असतील तर बहुतेक सगळं पुस्तक नीट असतं. हा माझा अनुभव इतरांना उपयोगी पडेल असं वाटतं.

स्कॅन केलेल्या पीडीएफचा प्रश्न वेगळा. मराठी पुस्तकाचा नेहमीचा डेमी आकार साडेआठ बाय साडेपाच इंच, म्हणजे कर्णात दहा इंच. ते पान सहा इंची पडद्यावर बसवलं की अक्षर जवळपास ४० टक्क्यांनी लहान होतं, आणि पीडीएफमध्ये ते वाढवायची सोय नसते, फक्त अख्खं पान मोठं करून सरकवत बसावं लागतं. भाच्याने यावर उपाय दाखवला. संगणकावर पानाचे समास कापून टाकायचे आणि पडदा आडवा करायचा. मग अर्धंच पान दिसतं, पण अक्षर जवळपास मूळ आकाराचं येतं. तरीही जमेल तिथे मी ईपबच शोधते, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-बुकची फाइल. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. १९१९ साली गेलेल्या हरिभाऊ आपट्यांचं लेखन त्यामुळे कधीच सर्वांचं झालं आहे. अशा जुन्या लेखकांची काही पुस्तकं विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ तपासून ठेवली आहेत. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

अक्षराचं वळणही मला महत्त्वाचं वाटतं. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले की माझं मन वाचनात रमत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मराठी वळणाचे टंक (फॉन्ट) मोफत दिले आहेत. रीडर संगणकाला जोडून त्यातल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टंकाची फाइल टाकायची, एवढंच.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरातली खालची दोन कपाटं गेली. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक (लोटिस्मा) वाचन मंदिर या ग्रंथालयाच्या पुस्तकांचंही त्या पुरात मोठं नुकसान झालं. चिखलातून काढलेली पुस्तकं वाळत घातली तरी पानं सुटी होत नाहीत, ती एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. तरीसुद्धा ई-बुक त्यांची जागा घेईल असं मी म्हणणार नाही. विकत घेतलेलं ई-बुक म्हणजे बहुतेक वेळा फक्त वाचण्याचा परवाना असतो. आवडलेलं पुस्तक शेजारच्या वहिनींच्या हातात देता येत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात जास्त खुपतं. वाचनकट्ट्यावर कुणी “पान २१२ काढा” म्हणालं की माझ्याकडे बहुधा टक्केच दिसत असतात. कविता तर मी कागदावरच वाचते. मोठ्या अक्षरात ओळ मधेच मोडते आणि कवीने सोडलेली जागा बिघडते.

म्हणून आता माझी विभागणी ठरलेली आहे. लांबलचक गद्य रीडरवर. कविता, चित्रांची पुस्तकं आणि ज्यांच्या समासात मी पेन्सिलीने लिहिते ती कागदावर. रीडरवर वाचून फार आवडलेलं पुस्तक छापीलही घेते, दुसऱ्याला देता यावं म्हणून. मराठी प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे: ई-बुक काढताना पुन्हा एकदा मुद्रितशोधन करून घ्या, आणि जुन्या जाड कादंबऱ्या आधी आणा. हात आणि डोळे थकलेले माझ्यासारखे खूप वाचक त्यांची वाट पाहत आहेत, आणि आम्ही त्या पैसे देऊन घेऊ.