हंगामाचा शेवटचा रविवार

बडोद्यात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठे, विश्वामित्री नदीत? मगरींबरोबर?" १२ वर्षं झाली, अजून हसतो. शिकवतो तरणतलावात, ३ मीटर खोलीत. समुद्रासाठी मुलांना मालवणला नेतो. पावसाळा तोंडावर आला की तिथला समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, डायव्हिंग बंद. त्यामुळे मेमधली शेवटची फेरी निघण्याआधीचा रविवार म्हणजे आमच्या हंगामाची अखेर.

यंदा त्या दिवशी सहा जण होते. पाच जणांचं सगळं सुरळीत झालं. सहावा १६ वर्षांचा, पट्टीचा पोहणारा, शाळेत पदकं मिळवलेला. मला धास्ती असते ती अशाच पोरांची. पोहता न येणारा घाबरत का होईना, सांगितलं तसं करतो. पोहणाऱ्याच्या अंगात मात्र सवय मुरलेली असते: डोकं पाण्याखाली गेलं की श्वास कोंडायचा. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा, श्वास कधीच कोंडायचा नाही.

तळाशी गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं, एवढाच सराव. त्याच्या नाकात पाणी गेलं असावं. मी चेहऱ्यापेक्षा बुडबुड्यांवर लक्ष ठेवतो, ते थांबले. पुढच्या क्षणी तळाला पाय मारून गडी वर निघाला. जॅकेटचा पट्टा हाती लागला म्हणून बरं. दुसऱ्या हाताने त्याच्या छातीवर थोपटलं: सोड, हवा सोड. एकदाचा बुडबुड्यांचा लोट आला, मग दोघं सावकाश वर आलो.

वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि हवा फुगते: ३ मीटरवर छातीत भरून घेतलेली ५ लिटर हवा वर येईपर्यंत साडेसहा लिटर होते. तोंड मिटलेलं असेल तर ती फुफ्फुस फाडून वाट काढते. १० मीटरवरून येताना तर दुप्पट. लोकांना धोका खोल पाण्यात वाटतो; श्वास कोंडलेल्याला दीड मीटरही पुरतं.

मालवणला त्याला नेणार नाही म्हटल्यावर वडील भडकले. "सर, तिकिटं काढलीयत. पाच वर्षं पोहतोय तो!" तेच तर कारण होतं, पण ते काठावर उभं राहून पटवता येत नाही. पैसे परत केले. पोरगा काही बोलला नाही, सगळ्यांचे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारी यंत्रं, मात्र गोड्या पाण्यात बुचकळून त्यानेच धुतले.

मालवणहून परतल्यावर सिलिंडर थोडी हवा ठेवून बंद केले, आत दमट हवा शिरू नये म्हणून. पाण्यात अंगभर घालायचे वेटसूट दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत वाळत घातले. काळी माणसं टांगल्यासारखे दिसतात ते. खालच्या काकूंची हाक आलीच, "अरे, तुझी माणसं माझ्या कुरडयांवर ठिबकतायत!"

दोरी आत ओढून घेतली.